कोडॅक झोपली नव्हती

व्यवस्थापनावर बोलायला कोणी उभं राहिलं की पाच-दहा मिनिटांत कोडॅकचं नाव निघतंच. गोष्ट ठरलेली असते. जगभर फिल्म विकणारी बलाढ्य कंपनी, तिच्याच इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला, साहेबलोकांनी तो कपाटात टाकला, कंपनी गाफील राहिली आणि बुडाली. मग नोकियाचा नंबर लागतो. सभा पुण्यात असेल तर बजाजच्या चेतक स्कूटरचाही उद्धार होतो. शेवटी 'थांबला तो संपला' म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. ही गोष्ट कॉलेजांत सांगतात, उद्योजकांच्या मेळाव्यांत सांगतात, आणि आता चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांत शिफ्ट सुटल्यावर थांबवून घेतलेल्या कामगारांनाही सांगतात.

ही गोष्ट खोटी आहे, आणि ती सांगणाऱ्यांना खोडून काढणं मला गरजेचं वाटतं. मोठ्या, जुन्या, चांगल्या चाललेल्या कंपन्या नव्या तंत्रापुढे का कोसळतात हा अवघड प्रश्न आहे. त्याचं उत्तर 'डोळे मिटले म्हणून' असं दिलं की उपाय फार स्वस्तात मिळतो: डोळे उघडा, मानसिकता बदला, एक दिवसाचं प्रशिक्षण घ्या. एवढं करूनही कारखाना बंद पडलाच, तर दोष मानसिकता न बदलणाऱ्याचा ठरतो. आणि हे खापर बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर फुटतं.

आधी कोडॅकचं पाहू. डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेत रोचेस्टर इथल्या कोडॅकच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या पंचविशीतल्या इंजिनिअरने तो कॅमेरा जुळवला, हे खरं आहे. पण कॅमेरा कसा होता, ते व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. वजन साडेतीन किलोंच्या वर. भिंग सुपर-८ मूव्ही कॅमेऱ्याचं. सेन्सर १०० बाय १०० बिंदूंचा, म्हणजे सगळे मिळून दहा हजार. एक काळं-पांढरं चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत आणि ते पाहायला टीव्ही जोडावा लागे. त्या वेळी घरोघर कॉम्प्युटर नव्हते, मेमरी कार्ड नव्हतं, इंटरनेट नव्हतं, रंगीत प्रिंटर नव्हता. साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीत मावणारा तपशील बिंदूंत मोजला तर कोटीच्या घरात जाईल. १९७५ साली कोडॅकच्या संचालकांनी हे यंत्र बाजारात आणायला हवं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कोणाला आणि किती रुपयांना विकलं असतं, तेही सांगावं.

आणि 'कपाटात टाकलं' हेही खरं नाही. कंपनीने १९७८ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं आणि पुढे त्यावर भरपूर पैसा कमावला. आज तुमच्या-माझ्या मोबाइलचा कॅमेरा रंग ओळखतो तो लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांच्या ज्या मांडणीमुळे, ती कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांची; पेटंट १९७६ चं. १९८६ मध्ये कोडॅकने १४ लाख बिंदूंचा सेन्सर तयार केला. १९८७ मध्ये तिथल्याच चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ओएलईडीचा शोध प्रसिद्ध केला. महागड्या फोनचे पडदे आज त्याच तंत्राने उजळतात. १९९१ मध्ये निकॉनच्या कॅमेऱ्यात आपला सेन्सर बसवून कोडॅकने व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. १९९४ चा अ‍ॅपलचा क्विकटेक कॅमेरा बनवून दिला तो कोडॅकनेच. आणि २००५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे विकणारी कंपनी कोण होती? कोडॅक. झोपलेल्या कंपनीच्या हातून एवढी कामं होत नाहीत.

१९८१ ची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. सोनीने फिल्मशिवाय चालणारा माविका कॅमेरा जाहीर केला, तेव्हा कोडॅकच्या बाजार-संशोधन विभागाचे प्रमुख व्हिन्सेंट बराबा यांनी सविस्तर अभ्यास केला. निष्कर्ष असा की इलेक्ट्रॉनिक छायाचित्रण फिल्मची जागा घेऊ शकेल, पण कंपनीच्या हातात साधारण दहा वर्षं आहेत. म्हणजे धोका दिसला होता आणि त्यावर वेळेचं गणितही मांडून झालं होतं. प्रत्यक्षात फिल्म त्या भाकितापेक्षाही जास्त टिकली. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, तिचा खप घटायच्या ऐवजी वाढतच होता. तो कळस गाठून घसरला नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. ऐंशीच्या दशकात फिल्म सोडून पळाली असती, तर कोडॅकने आपल्याच हाताने दीड दशकाचा नफा दुसऱ्याच्या पदरात टाकला असता.

मग बुडाली कशी? इथे कारखान्यात शिरावं लागतं, आणि नेमकं तेच व्यासपीठावरची मंडळी करत नाहीत.

फिल्म ही रासायनिक वस्तू. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनमध्ये कालवलेल्या चांदीच्या क्षारांचे थर द्यायचे. रंगीत फिल्मला असे डझनभर, कधी त्याहून जास्त थर लागतात, आणि ते सगळे मिळून माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीचेही भरत नाहीत. मीटरभराहून रुंद पट्टी यंत्रावरून वेगाने धावत असते आणि सगळं काम अंधारात चालतं, कारण उजेडाची तिरीप आली की माल वाया. धुळीचा एक कण पुरे होतो. हे तंत्र जगात मोजक्या कंपन्यांना जमलं आणि त्यातली पहिली कोडॅक. तिचा जिलेटिनचा कारखानाही स्वतःचाच होता. अशा यंत्रणेचा बहुतेक खर्च ती चालू ठेवण्याचाच असतो, माल कमी काढा की जास्त. मागणी पाव हिश्श्याने घटली म्हणून खर्च पाव हिश्श्याने घटत नाही. पट्टी अर्ध्या रुंदीची करता येत नाही, की अंधाऱ्या खोलीतली निम्मी माणसं घरी पाठवून यंत्र चालत नाही. कॉस्टिंगचं काम ज्याने केलं आहे त्याला हे चटकन कळेल: भरात असताना असा कारखाना नोटा छापतो आणि उताराला लागला की मालकालाच खातो.

शिवाय एका फोटोमागे कोडॅकची कमाई एकदा होत नसे. आधी रोल विकायचा, मग तो धुवायची रसायनं, मग छापायचा कागद, आणि पुष्कळ ठिकाणी धुण्या-छापण्याची मजुरीही. फिल्मच्या विक्रीत निम्म्याहून अधिक ढोबळ नफा सुटत असे. डिजिटल कॅमेऱ्याचं उलटं. सेन्सर सेमीकंडक्टरचा, तो दर वर्षी स्वस्त होणार. सुटे भाग बाजारात कोणालाही मिळणार. जुळवणी तैवानमध्ये किंवा चीनमध्ये कोणीही करून देणार. एकदा कॅमेरा विकला की त्या गिऱ्हाइकाकडून पुन्हा काही यायचं नाही. म्हणून २००५ मध्ये कोडॅक अमेरिकेत पहिली आली तरी त्या पहिल्या क्रमांकातून फिल्मची भरपाई होणं शक्यच नव्हतं. इथे दूरदृष्टी कामाला येत नाही, कारण दूरवर जे दिसत होतं त्यातच तेवढा पैसा नव्हता. समोर उभा असलेला नवा धंदा जुन्याच्या मानाने फार लहान होता, आणि तो कवटाळला तरी साठ हजार कामगारांचं रोचेस्टर त्यात मावणार नव्हतं. मेळाव्यातले वक्ते हे वाक्य कधीच उच्चारत नाहीत, कारण मग त्यांच्याकडे विकायला उपाय उरत नाही.

'कोडॅकने ग्राहकाची नाडी ओळखली नाही' हा आणखी एक आवडता आरोप. कोणता ग्राहक? नव्वदच्या दशकात आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत कलर लॅब पोचल्या. कर्ज काढून घेतलेलं प्रिंटिंगचं यंत्र, बाहेर काचेवर पिवळी किंवा हिरवी पाटी, लग्नसराईत रात्रभर चालणारं काम. ३६ चा रोल जपून गुंतवून त्यातून ३७-३८ फोटो काढणारे फोटोग्राफर सकाळी रोल टाकत आणि संध्याकाळी चार बाय सहाचे प्रिंट घेऊन जात. हे लॅबवाले कंपनीकडे काय मागत होते? चांगला कागद, रसायनांचा खात्रीचा पुरवठा, यंत्र बिघडलं तर त्याच दिवशी येणारा मेकॅनिक. डिजिटलची मागणी त्यांच्यापैकी एकानेही केली नसती. त्यात त्यांचंच मरण होतं. जगभर पसरलेल्या अशा लाखभर दुकानदारांचं ऐकणं, त्यांचा माल वेळेवर पोचवणं याला चांगला धंदा म्हणतात. त्याच दुकानदारांना वाऱ्यावर सोडून कंपनीने नवी वाट धरली असती, तर याच व्यासपीठांवरून तिला दगाबाज म्हटलं गेलं असतं.

आता फुजीफिल्म. मी इतकं बोललो की समोरचा हमखास फुजी काढतो: तीही फिल्मच करत होती, ती जगली, म्हणजे प्रश्न मानसिकतेचाच होता. फुजी जगली, यात वाद नाही. पण जगली ती कशावर? शिगेताका कोमोरी २००३ मध्ये मुख्य कार्यकारी झाले आणि २००४ मध्ये त्यांनी कंपनीच्या पंच्याहत्तरीपर्यंतची योजना मांडली. फिल्मसाठी लागणारी पारदर्शक पट्टी बनवण्याचं कसब फुजीकडे होतं, आणि नेमकी तशीच पट्टी टीव्ही-मॉनिटरच्या एलसीडी पडद्यांना लागत होती. पडदे बनवणारे कारखाने जपान, कोरिया, तैवान इथे, म्हणजे फुजीच्या दारात, भराभर उभे राहत होते. फुजीने तिथे पैसा ओतला. जिलेटिनच्या निमित्ताने कोलॅजेनवर साठलेलं ज्ञान २००७ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत वापरलं. २००८ मध्ये तोयामा केमिकल ही औषध कंपनी घेतली. आणि हे चालू असतानाच, २००६ मध्ये, फोटोच्या विभागातली पाच हजार माणसं कमी करण्याची घोषणाही केली. फुजी जगली ती 'डिजिटल झाली' म्हणून नाही. रसायनशास्त्र सोडलं नाही आणि फोटोग्राफीवर विसंबणं सोडलं, म्हणून जगली. मेळाव्यात सांगतात त्याच्या हे बरोबर उलट आहे.

आता कोडॅककडे परत पाहा, म्हणजे तिच्या संचालकांचा खरा गुन्हा दिसेल. रसायनांचा मोठा धंदा तिच्याकडेही होता, टेनेसी राज्यात. औषधांचाही होता, १९८८ मध्ये ५१० कोटी डॉलर मोजून तिने स्टर्लिंग ड्रग ही कंपनी घेतली होती. १९९४ उजाडताना रसायनांची शाखा ईस्टमन केमिकल या नावाने वेगळी काढली, त्याच वर्षी औषधांचा धंदा विकून टाकला. का? कर्ज फेडायचं होतं, आणि 'आपल्या मूळ कामावर लक्ष केंद्रित करा' असा शेअर बाजाराचा धोशा होता. मूळ काम म्हणजे प्रतिमा, आणि प्रतिमा म्हणजे पुढे डिजिटल. तेव्हाच्या मापाने ही अगदी आधुनिक, चपळ, भविष्याकडे पाहणारी चाल होती. ती अंगाशी आली. ईस्टमन केमिकल आज धडधाकट उभी आहे आणि जिच्यातून ती निघाली त्या कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. संचालकांना जाब विचारायचाच तर या विक्रीबद्दल विचारा. पण त्यासाठी ताळेबंद वाचावे लागतात, आणि झोपलेल्या राक्षसाची गोष्ट सांगणं त्याहून फार सोपं पडतं.

आणि जे डिजिटल कॅमेऱ्यांकडे वळले त्यांचं काय झालं, तेही पाहून घेऊ. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेरा आणि फिल्म दोन्ही धंदे सोडले. कॅसिओने २०१८ मध्ये छोटे कॅमेरे बंद केले. ऑलिम्पसने आपला कॅमेऱ्यांचा विभाग दुसऱ्याच्या हवाली केला. जपानी उद्योग-संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२० मध्ये तो आकडा एक कोटीच्याही आत आला. मोबाइलने दहा वर्षांत सगळं गिळलं. १९८५ मध्ये जागी होऊन कोडॅक उत्तम कॅमेरा कंपनी झाली असती, तरी तीस वर्षांनी याच खड्ड्यात येऊन पडली असती.

या सगळ्या उपदेशाच्या मुळाशी नाव घेतलं जातं ते हार्वर्डच्या क्लेटन ख्रिस्तेन्सेन यांचं, आणि १९९७ मध्ये आलेल्या त्यांच्या 'द इनोव्हेटर्स डिलेमा' या पुस्तकाचं. मला खात्री आहे की नाव घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते उघडलेलंही नाही. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांचा इतिहास तपासून ख्रिस्तेन्सेन सांगतात ते असं: या कंपन्या चांगल्या चालवलेल्या होत्या, आपल्या उत्तम ग्राहकांचं ऐकत होत्या, जिथे नफा जास्त तिथे पैसा घालत होत्या, आणि म्हणूनच पडल्या. गाफीलपणा, आळस, उद्दामपणा ही कारणं त्यांनी स्वतःच बाजूला सारली होती. त्यांचं नाव घेऊन नेमकी तीच कारणं लोकांच्या गळी उतरवली जातात.

पण त्यांच्या सिद्धान्तालाही मर्यादा आहेत, आणि भक्तांनी त्या झाकून ठेवल्या आहेत. २००७ मध्ये खुद्द ख्रिस्तेन्सेन यांना आयफोन फारसा चालेल असं वाटलं नव्हतं. इतिहासकार जिल लेपोर यांनी २०१४ मध्ये त्यांच्या उदाहरणांची चिरफाड केली. २०१५ मध्ये अँड्र्यू किंग आणि बाल्जिर बातारतोग्तोख या संशोधकांनी ख्रिस्तेन्सेन यांच्या पुस्तकांतली ७७ उदाहरणं त्या-त्या उद्योगातल्या जाणकारांकडून तपासून घेतली. सिद्धान्ताच्या सगळ्या अटी पुऱ्या करणारी निघाली जेमतेम नऊ टक्के. मी सिद्धान्त टाकाऊ म्हणत नाही. त्याने पाहण्याची एक चांगली दिशा दिली. पण दहात एकदा लागू पडणारी गोष्ट घेऊन दहाही माणसांना उपदेश करायचा अधिकार कोणाला मिळत नाही.

आता घरचं उदाहरण. 'बजाज स्कूटरला चिकटून बसली आणि हीरो होंडाने तिला मागे टाकलं' हे पुण्यात तरी पाठ झालेलं वाक्य. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही मोटरसायकल आली, कमी पेट्रोल पिणारी, आणि २००१ पर्यंत दुचाकींच्या खपात बजाज मागे पडली, हे खरं. पण बजाजने कावासाकीबरोबर मोटरसायकल आणली ती १९८६ मध्येच, सीडी १०० नंतर वर्षभरातच. नव्वदच्या दशकात तिने मोटरसायकलींवर मेहनत घेतली, चाकणला कारखाना उभारला आणि २००१ मध्ये पल्सर आणली. ती पल्सर आज कुठल्याही गावच्या रस्त्यावर दिसते. एके काळी जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत, त्या चेतकवर बसलेली कंपनी पंधरा-सोळा वर्षांत मोटरसायकलची कंपनी झाली. याला चिकटून बसणं म्हणत नाहीत.

पुढचा भाग व्यासपीठावरून गाळला जातो, आणि माझ्या मते खरा धडा तिथे आहे. २००९ च्या शेवटी कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्णपणे सोडायचा निर्णय घेतला. स्कूटर संपली, भविष्य मोटरसायकलचं, सगळी ताकद एकाच ठिकाणी लावा: उपदेशकांच्या पुस्तकातला प्रत्येक मुद्दा त्या निर्णयात होता. वडील राहुल बजाज यांनी तो आपल्याला आवडला नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्याच सुमाराला, २००१ मध्ये आलेली होंडाची गिअर नसलेली अ‍ॅक्टिव्हा घराघरात शिरत होती. बायका, मुली, म्हातारी माणसं, दुकानदार सगळ्यांना ती सोयीची पडली, आणि काही वर्षांत देशात सर्वाधिक खपणाऱ्या दुचाकींत तिची गणना होऊ लागली. मेलेली म्हणून सोडून दिलेली स्कूटर दुसऱ्याच्या घरी जिवंत झाली. बजाजला त्या बाजारात परतायला २०२० उजाडलं, आणि परतली ती चेतक हेच नाव घेऊन, विजेवर चालणारी गाडी म्हणून.

कंपनी तीच, मालक घराणं तेच, शहर तेच. ती एकदा जुन्याकडून हळूहळू नव्याकडे वळली आणि तिने फटका खाल्ला. दुसऱ्यांदा जुनं तडकाफडकी सोडलं तरी फटका खाल्ला. मानसिकता दोन्ही वेळा सारखीच जागी होती. 'बदला' हा शब्द तिला दोन्ही वेळा काहीही सांगू शकला नसता, कारण काय मरतंय आणि काय फक्त दमलंय हे त्या क्षणी ओळखता येत नाही. हे मान्य करायला उपदेशक तयार नसतात. त्यांना उत्तर नेहमी मागच्या तारखेने माहीत असतं.

एवढ्यावरच थांबता आलं असतं, पण मला खरी चीड आहे ती पुढच्या गोष्टीची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकचे रोचेस्टरमध्ये साठ हजारांच्या आसपास कामगार होते. दिवाळखोरीच्या वेळी सात हजारही उरले नव्हते, आणि २००७ मध्ये कोडॅक पार्क या तिथल्या कारखान्यातल्या काही इमारती सुरुंग लावून पाडल्या गेल्या. दिवाळखोरीत निवृत्तांचे आरोग्यविम्याचे लाभ गेले. फिल्मचा थर केसाच्या अंशाइतकाही न चुकवणाऱ्या या माणसांनी आपलं काम चोख केलं होतं. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला. हजारो तरुण-तरुणी तिथे फोन जुळवत, त्यात मुलींची संख्या मोठी. फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला गेला, कराच्या वादामुळे हा कारखाना त्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. त्या मुलींपैकी कोणाची मानसिकता चुकली होती? आकुर्डीत बजाजने २००७ मध्ये गाड्यांचं उत्पादन थांबवलं, तेव्हा घरी बसलेल्या कामगारांपैकी स्कूटर ठेवायची की सोडायची हे कोणाला विचारलं होतं? २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेच्या चेतकसाठी नवा कारखाना सुरू झाला. जुन्या कामगारांना त्याचा काय उपयोग?

निर्णय घेणारे वर, निर्णयाची किंमत मोजणारे खाली, आणि उपदेशही खालीच. ही वाटणी मला मान्य नाही.

आज हा प्रश्न भोसरी, चाकण, रांजणगाव इथल्या हजारो छोट्या वर्कशॉपांच्या दारात उभा आहे. इंजिनाच्या गाडीला पिस्टन लागतो, रिंगा लागतात, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, क्लचप्लेट, सायलेन्सर लागतो. विजेच्या गाडीला यातलं काहीही लागत नाही. अशा वर्कशॉपांचे हिशेब मी जवळून पाहत आलो आहे, त्यामुळे चित्र डोळ्यांसमोर आहे. बँकेच्या कर्जावरची दोन-चार सीएनसी यंत्रं, एखादी व्हीएमसी, पंधरा-वीस माणसं, आणि मालाचा निम्म्याहून मोठा भाग एकाच बड्या कंपनीला जाणारा. ती कंपनी महिन्याचं शेड्यूल देते आणि महिना अर्धा झाला की तेच बदलते. दर वर्षी दर कमी करून मागते. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, तरी बिलं अडकतातच. एका रिजेक्शनच्या लॉटमध्ये महिन्याचा नफा जातो. तीच कंपनी वर्षातून एकदा सगळ्या व्हेंडरांना हॉटेलात बोलावते, जेवण देते आणि पडद्यावर कोडॅकची स्लाइड दाखवते.

त्या वर्कशॉपच्या मालकाला कोडॅक माहीत नाही असं थोडंच आहे? विजेच्या गाड्या येणार हे त्याला कोणाहीपेक्षा आधी कळतं. शेड्यूलमधला आकडा घसरतो तेव्हाच कळतं. त्याची अडचण डोळ्यांची नाही. मोटरचं घर किंवा बॅटरीचा खोका बनवायचा तर नवं टूलिंग हवं, त्यासाठी नवं कर्ज हवं, आणि बँक विचारते की माल कोण घेणार, ऑर्डर दाखवा. ऑर्डर ज्याने द्यायची तो स्लाइड दाखवतो आहे. जुनं यंत्र विकायचं तर त्याच्यावरचे हप्ते अजून फिटलेले नाहीत. आणि हा भाग तीन वर्षांनी लागणार की दहा, हे ज्या एकाच कार्यालयाला ठाऊक आहे ते कार्यालय सांगत नाही, कारण सांगितलं तर व्हेंडर आज दर कमी करणार नाही.

बड्या कंपन्यांना माझं सांगणं साधं आहे. इंजिनाचे कोणते भाग कोणत्या वर्षापर्यंत आणि साधारण किती घेणार, हे व्हेंडरांना पाच वर्षांसाठी लेखी द्या. चुकलं तर चुकलं. दर वर्षी सुधारून द्या, पण द्या. तो कागद बँकेत चालेल असा असू द्या. नव्या भागांच्या टूलिंगचा खर्च एकट्या व्हेंडरवर टाकू नका, त्यात तुमचा वाटा घाला. ४५ दिवसांचा कायदा पाळा. कारखान्याचा एखादा विभाग बंद करायचं ठरलं असेल, तर तिथल्या कामगारांना नोटीस लागायच्या आधी दोन वर्षं सांगा, आणि त्यांची ग्रॅच्युइटी व निवृत्तीचे पैसे कंपनीच्या भवितव्याला न बांधता वेगळे काढून ठेवा. कोडॅकच्या निवृत्तांना जे भोगावं लागलं ते एवढ्याने टळलं असतं.

हे करायला मानसिकता लागत नाही, खर्च करावा लागतो आणि माहिती उघडी करावी लागते. म्हणूनच ते होत नाही आणि स्लाइड मात्र दर वर्षी दाखवली जाते. पुढच्या वेळी हॉटेलातल्या त्या सभेत कोडॅकचं नाव निघालं, तर व्हेंडरांनी हात वर करून पुढच्या पाच वर्षांचं शेड्यूल मागावं, आणि ते मिळेपर्यंत जेवायला उठू नये.